शाल न विकणाऱ्या म्हातारीचा तराजू

मी एक जुना तराजू आहे. मित्रांनो, माझ्या पारड्यांत आजवर धान्याचा एक दाणाही पडलेला नाही आणि मला हातात धरलेला माणूस शोधून सापडणार नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहतो. त्या खेळात डोंगर आहेत, जादूगार आहेत, एक आळशी राक्षस आहे आणि पुष्कळ दुकाने आहेत. खेळणारा एखाद्या दुकानात शिरून घासाघीस करू लागला, की पडद्याच्या कोपऱ्यात मी उमटतो. माझ्यात शब्द तोलले जातात.

माझा जन्म एका भाड्याच्या घराच्या मधल्या खोलीत झाला. तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ मिळून हा खेळ तयार करत होते. बहिणीला सगळे ताई म्हणत. ती मोजकेच बोलायची आणि दिवसभर पडद्याला डोळे लावून बसायची. भावाला त्यांच्या आईने 'वकील' हे नाव ठेवले होते. लहानपणी त्याला शिक्षा केली तरी वाद घालून तो ती निम्मी करून घ्यायचा. खेळातली सारी संभाषणे वकील लिहायचा. ती ऐकून समोरच्याचे मन कुठे झुकले, हे दाखवायचे काम ताईने मला दिले. "बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," असे आई म्हणायची आणि पुढे हसून सांगायची, "आमच्या घरात दोन्ही माल आहे."

खेळणाऱ्याला दुकानदाराची स्तुती करता येई, विनवणी करता येई, थट्टा करता येई, धाकही दाखवता येई. पण एक माणूस दुसऱ्यासारखा नसतो, हे वकिलाला पक्के ठाऊक होते. लोहाराला हरभऱ्याच्या झाडावर चढवले की तो तलवार स्वस्तात द्यायचा. नावाड्याला स्तुतीचा संशय यायचा, पण चांगली थट्टा केली की तो नदी फुकटात पार करून द्यायचा. खानावळवालीला कोणी दरडावले तर ती भाव वाढवायची, आणि बरोबरच करायची. दुकानदाराचा जीव जडू लागला की माझे पारडे खाली येई, आणि तीच स्तुती पुन्हा ऐकवली तर ते परत वर जाई. ताईने मला एकच शिस्त लावली होती. समोरच्याला जेवढी आपुलकी वाटली तेवढीच दाखवायची, रतीभरही जास्त नाही. मी आयुष्यात कधी काटा मारला नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी विणकरीण राहत असे. तिच्याकडे एक जाड शाल होती. ती पांघरली तर बर्फाची खिंड थेट ओलांडता यायची, नाहीतर डोंगराला लांबचा वळसा पडायचा. पण ती शाल घर सोडून गेलेल्या तिच्या लेकीची होती. म्हातारी ती कधीच विकणार नाही, असे ताईने ठरवले. वकील कुरकुरला. "सगळं गोड बोलून मिळतं, मग हेच का नाही?"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "एक तरी गोष्ट अशी असू दे."

विणकरणीची वाक्ये आईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. आई टेलिफोन कार्यालयातून निवृत्त झाली होती. उभे आयुष्य तिने चिडलेल्या लोकांना न चिडता 'थांबा' आणि 'नाही' सांगण्यात काढले होते. बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून ताईने कपड्यांच्या कपाटाची दारे उघडी टाकली, वर रजया लटकवल्या आणि आईला त्यात स्टुलावर बसवले. आई चष्मा पुसून एकेक वाक्य वाचत गेली. वकील तेव्हा बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होता. तो नेहमीच कुणाशी तरी बोलत असायचा.

खेळ लोकांना आवडला. पुष्कळांनी लिहिले की या खेळात तलवारीपेक्षा जीभ चालवायला मजा येते. माझे नाव घेऊन कौतुक झाले, तेव्हा मला, खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले. एका आजोबांनी कळवले होते की नावाड्याला हसवण्यासाठी ते घरात विनोद पाठ करत बसतात.

मग तक्रारी सुरू झाल्या. म्हातारीजवळ माझे पारडे पार खाली टेकायचे आणि तरीही ती शाल द्यायची नाही. लोकांना वाटले, तराजू बिघडला आहे. मी आपुलकी दाखवत होतो आणि ते मला होकाराचा काटा समजून बसले होते. म्हातारीचा त्यांच्यावर खरेच जीव जडलेला असे. जीव जडलेले माणूसही नाही म्हणू शकते, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यांनी मला खोटारडा म्हटले. त्याचे मला वाईट वाटले, अजूनही वाटते.

त्याच हिवाळ्यात आई गेली. आजार लहान वाटला होता, तो लहान राहिला नाही. मधली खोली बरेच दिवस बंद होती. ती उघडली तेव्हा खेळ विकणाऱ्या कंपनीचा निरोप येऊन पडला होता. म्हातारीने शाल विकली पाहिजे, नाहीतर खेळ आमच्या दुकानातून काढून टाकू. दोघांचे घर त्याच खेळावर चालत होते.

पारडे टेकले की शाल मिळेल, हा बदल करणे ताईला अवघड नव्हते. पण त्यासाठी म्हातारीने 'हो' म्हणायला हवे होते, आणि आईने 'हो' कधी बोलूनच ठेवले नव्हते.

एका सकाळी वकील लवकर येऊन बसला. ताई आली तेव्हा त्याने तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "ऐक." आईच्या एका वाक्यातून त्याने 'बरं बाळा' घेतले होते. घोड्याला पाणी पाजायला सांगणाऱ्या दुसऱ्या वाक्यात 'ती बादली घेऊन जा' होते, त्यातून 'घेऊन जा' कापले होते. दोन्ही जोडून त्याने वाजवले. "बरं बाळा, घेऊन जा." आवाज आईचाच होता.

ताईने आवाज बंद केला. मग म्हणाली, "आई हे बोलली नव्हती."

"शब्द तिचेच आहेत ना?"

"शब्द तिचे आहेत. हो तुझा आहे."

मित्रांनो, संगणक चालू असला की खोलीतले मला ऐकू येते. वस्तूंना आपली कहाणी सांगताना एवढी सवलत मिळते. वकिलाने आधी ताईची स्तुती केली. तुझ्यासारखं काम कुणाला जमत नाही, म्हणाला. मग घरभाड्याचे सांगितले. मग थोडी थट्टा केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईलाही आपण उपाशी राहिलेलं चाललं असतं का?" एकेक वाक्य माझ्या ओळखीचे होते. लोहाराला, नावाड्याला, खानावळवालीला वळवायला त्याने जे लिहिले होते, ते तो आता सख्ख्या बहिणीसमोर मांडत होता. ते त्याच्या लक्षातही येत नव्हते. ताईचा भावावर फार जीव होता. त्या खोलीत मी उमटलो असतो, तर माझे पारडे पार खाली टेकले असते.

ताईने खेळ सुरू केला आणि कळफलक त्याच्याकडे सरकवला. "तूच माग तिच्याकडे."

"मला माहितीये ती काय म्हणते. मीच लिहिलंय."

"तू कधी ऐकलंयस?"

वकिलाने कळफलक जवळ ओढला. खेळ तपासताना तो प्रत्येक वाक्य बटण दाबून पुढे ढकलायचा. स्वतःच लिहिलेले कोण ऐकत बसणार? होकार जोडतानाही त्याने हवे तेवढेच शब्द शोधून कापले होते; आईचे बोलणे त्याने कधी शेवटपर्यंत ऐकलेच नव्हते.

तो म्हातारीच्या झोपडीत शिरला. तिच्या विणकामाची स्तुती केली, खिंडीतल्या थंडीचे रडगाणे गायले, लेकीची चौकशी केली. मी प्रामाणिकपणे खाली खाली येत गेलो आणि टेकलो. त्याने शाल मागितली. बटणावर गेलेले बोट त्याने मागे घेतले.

आईने श्वास घेतला. तो श्वासही ताईने जपून ठेवला होता. "नाही बाळा. तुझं सगळं खरं आहे. पण शाल द्यायची नाही." चष्मा मांडीवर ठेवल्याचा बारीक आवाज आला. आणि मग, कुठेही लिहिलेले नसताना आई म्हणाली, "रागावू नकोस. बस जरा. पाणी पिऊन जा."

वकील तिथे बसून राहिला. त्याने ते पुन्हा लावले नाही. थोड्या वेळाने त्याने तो जोडलेला होकार पुसून टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत काढली नाही.

त्यांनी कंपनीला नकार कळवला आणि कंपनीने आपला शब्द पाळला. खेळ दुकानातून गेला. घर बदलावे लागले. वकिलाने दुसरीकडे नोकरी धरली, ताईही दुसऱ्यांचे खेळ दुरुस्त करू लागली. आता बरीच वर्षे झाली, नव्या संगणकांवर मी चालत नाही. एकाच जुन्या संगणकात माझा मुक्काम आहे. तो ताईच्या खोलीत खिडकीपाशी असतो. त्याचा पंखा घरघरतो. ताई अधूनमधून त्याच्यावरची धूळ पुसते. तो बंद पडला की मीही गेलो, आणि कपाटातल्या रजयांमध्ये बसून बोललेली ती बाईही गेली.

मागच्या आठवड्यात वकील आला होता. केस पिकलेत त्याचे. तो म्हातारीसमोर जाऊन बसला, काही मागितले नाही. मग वळून म्हणाला, "ताई, हा संगणक मला देशील?"

"नाही," ताई म्हणाली.

मित्रांनो, जुन्या सवयीने मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. आधी स्तुती येईल, मग विनवणी. तुम्हीही कुणाकडे काही मागाल, गोड बोलाल, जरूर बोला, मी जन्मभर तेच तोलले आहे. पण समोरच्याने नाही म्हटले, तर त्याचा तराजू बिघडला आहे असे समजू नका. त्याचा तुमच्यावर जीव असेल आणि तरी ते नाहीच असेल. ते पुरते ऐकून घ्या, पुढे ढकलू नका.

वकिलाचे पुढचे वाक्य आलेच नाही. "बरं," एवढेच तो म्हणाला. उठून स्वयंपाकघरात गेला आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आला.