भुरी शिवेपार जाणार नाही

भुरीच्या तुऱ्यावर आधी एक खपली दिसली, मग चांगल्या तीन-चार, आणि आज सकाळी तर डावा डोळाच मिटला. प्रज्ञाने दप्तर ओट्यावर भिरकावलं, भुरीला उचललं आणि आईला ओरडून सांगितलं, "शाळेला उशीर झाला तर झाला!"

"त्या कोंबडीला लावलेल्या हातांनी भाकरी मागायला येऊ नको," आई आतून म्हणाली. म्हणजे परवानगीच की!

मग काय, प्रज्ञाने जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील तसं धडाधड करत सुटली. भुरी मागे न्हाणीपाशी, वेगळ्या डाल्याखाली. तिची पाण्याची वाटी वेगळी. उकळून कोमट केलेल्या पाण्याने डोळा पुसायचा. दाणे आधी धडधाकट कोंबड्यांना, भुरीला सगळ्यात शेवटी, मग साबणाने हात. कोंबड्यांना होणारा हा देवीचा रोग डासही पसरवतात म्हटल्यावर तिने स्वतःच्या खाटेवरची मच्छरदाणी सोडली आणि डाल्यावर चढवली. बाकीच्या कोंबड्यांना लस टोचायला डॉक्टर उद्या येणार होते.

गल्ली हसून हसून बेजार. "काय वं प्रज्ञा, नवरी बसाडी का आठे?"

"हो! रिकाम्या हाताने बघू नका, आहेर आणा!"

संध्याकाळी मात्र गावाच्या रीतीभाती सांभाळणारे लोटन नाना टोपली घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांच्या मागे धुरपदा अक्का. प्रज्ञा धावत मागे डाल्यापाशी गेली, तेही मागोमाग आले. भुरी मुळात अक्कांची. त्यांनी ती प्रज्ञाला अर्धेलीने दिली होती, म्हणजे सांभाळायचं प्रज्ञाने आणि पिल्लं दोघींत निम्मी निम्मी. आणि गावाची रीत अशी की कोंबड्यांना देवी आली, तर पहिली आजारी कोंबडी हळदकुंकू लावून शिवेपार सोडायची. रोग तिच्या मागोमाग निघून जातो म्हणे.

"पोरी, देवी शे ती," अक्का म्हणाल्या. "तिले औषध करो नही. कोपी जाई. दे मन्ही कोंबडी."

"नाही देणार."

नाना तडकले. "कोंबडी अक्कानी, तुना वाटा फक्त पिल्लास्मा. तू कोन नही म्हननारी?"

"पिल्लांत निम्मा वाटा, तर दुखण्यातही निम्मा!" प्रज्ञा डाल्यापुढे फतकल मारून बसली. "अक्कांची निम्मी न्या नाना. कापून न्या. माझी निम्मी इथंच राहील."

"तोंड पाहा पोरगीनं!"

"बठ्ठ्या गावन्या कोंबड्या मरी जातीन," अक्का कळवळून म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. प्रज्ञाला ते दिसलं, आणि तिचा आवाज खाली आला. जागेवरून मात्र ती हलली नाही.

"अक्का, शिवेपार पहिलं घर कोणाचं आहे?"

अक्कांनी शिवेकडे पाहिलं.

"दिपमालाताईचं. तुमच्याच लेकीचं. मळ्यातलं. तिचं खुराडं रस्त्याला लागूनच आहे. भुरी कुठं जाईल? कोंबड्या दिसतील तिथंच जाईल ना?"

अक्कांनी पदर तोंडाशी धरला. मच्छरदाणीतून भुरी उघड्या डोळ्याने बघत होती.

"टोपली लई जाय, लोटन," अक्का शेवटी म्हणाल्या.

"अक्का, रीत शे..."

"लई जाय म्हनं ना!"

नाना पुटपुटत गेले. अक्का प्रज्ञाकडे वळल्या. "आनि हाई मरनी ते मी तुले सोडाव नही."

"मेली तर खोल खड्डा करून, चुना टाकून पुरेन. हाकलून मात्र देणार नाही."

अक्कांनी नाक मुरडलं, चार पावलं गेल्या आणि थांबल्या. "सकाय मन्ह्या कोंबड्या लई येसू. टोचाले."

"अजिबात आणायच्या नाहीत!" प्रज्ञा ताडकन उभी राहिली. "इथं रोग आहे. तुमच्या तुमच्या अंगणात कोंडून ठेवा. डॉक्टर आधी तुमच्याकडे जातील, मग आमच्याकडे."

"आते मालेबी हुकूम का वं?"

"हो," प्रज्ञा म्हणाली, आणि भुरीचं पाणी बदलायला वळली.