खेळायला आलेले आबा

आशानं साबणाच्या फुग्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली गोदीच्या हातात दिली. मग तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली, ओठ मिटून. विचारायचं नाही, बोल बोल म्हणायचं नाही, नुसतं पोरीकडं बघायचं आणि तिला वेळ द्यायचा. गोदीला बोलतं करायला बघणाऱ्या उमाताईंनी सांगितलं तेव्हा हे किती सोपं वाटलं होतं! आता जीभ दाताखाली धरून बसावं लागत होतं.

गोदीनं झाकण ओढलं. निघेना. दातांनी उघडून पाहिलं, बाटली उलटी करून हलवली, आणि शेवटी ती आईच्या मांडीवर आणून ठेवली. आशानं बाटली उचलली, झाकणावर बोटं ठेवली, भुवया उंचावल्या आणि थांबली. बाहेरून वाळूजच्या कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली. नळावर कुणाची तरी कळशी भरून वाहत होती. आशा थांबलेलीच.

"दे," गोदी म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली, की जणू जन्मापासून म्हणत आली होती. झाकण उघडताना अर्धं पाणी साडीवर सांडलं. तिनं फुंकर मारली तसे फुगे खोलीभर पसरले, भांड्यांच्या फळीवर, देवाच्या फोटोवर, गोदीच्या नाकावर. गोदी टाळ्या पिटत नाचली आणि परत आईचं मनगट धरून म्हणाली, "दे!"

तीन वर्षं कधीच उलटून गेली होती पोरीला. कानांची तपासणी झाली होती, कान चांगले होते. पण 'आई' नाही, 'पाणी' नाही. काही हवं असलं की बोट धरून ओढत न्यायची, नाही मिळालं की जमिनीवर आडवी व्हायची. सासरच्या गावी, देवगाव रंगारीला, गेलं की बायका गोदीसमोरच तिला मुकी म्हणायच्या आणि आशा चुलीपुढं बसून ते ऐकून घ्यायची.

ओल्या हातानंच ती शेजारच्या दारात धावली.

"भागूमावशी, बोलली! आमची गोदी बोलली! दे म्हणली!"

भागूबाई परातीत पीठ मळत होत्या. "काय दे म्हणली?"

"फुगे!"

"मग दे की पोरीला! इथं काय उभी राहिलीस?"

दोघी हसत सुटल्या. नवरा, रामकिसन, कंपनीत सकाळच्या पाळीला गेला होता, चहाच्या सुट्टीशिवाय त्याला फोन लागायचा नाही. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेऊन सासरे परत आले आणि आशाचं हसू पदराखाली गेलं.

पुंजाराम आदल्या दिवशी देवगावहून आले होते. घरातलेच काय, गल्लीतलेही त्यांना आबा म्हणत. आशा मात्र त्यांना काहीच म्हणत नसे. लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण सासऱ्याशी समोरासमोर बोलायची वेळच आली नव्हती. काही सांगायचं असलं तर रामकिसनच्या तोंडून, तो नसला तर सासूबाईंच्या. आज दोघंही नव्हते आणि गोष्ट तर पोटात मावत नव्हती. शेवटी तिनं गोदीलाच जवळ ओढलं.

"गोदे, आबाला सांग, आज तू बोललीस."

आबांनी नातीकडं पाहिलं. गोदी बाटलीचं झाकण चाटत होती.

"गोदे, तुझ्या आईला सांग," आबा टोपी काढून खुंटीला लावत म्हणाले, "आईच्या कानाला न बोललेलं बी ऐकू येतं."

त्या दिवशी उमाताईंकडं जायची वेळ ठरलेली होती. रामकिसननं बापाला आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला. म्हणून ते तिघं सिटी बसनं निघाले. आबा पुढच्या बाकावर, मायलेकी मागच्या.

"गोदे, तुझ्या आईला इचार, अजून किती लांब हाय."

"गोदे, आबाला सांग, क्रांती चौकात उतरायचं."

"इचार, तिथून रिक्षा लागती का."

"सांग, जवळच हाय. पायी जायचं."

असे दोघांचे निरोप गोदीच्या डोक्यावरून जात येत राहिले. गोदीचं लक्ष खिडकीच्या काचेत. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती बोटानं पुसत होती. आशा एरवी या प्रवासात पेंगायची. आज तिला बस फार हळू चालल्यासारखी वाटत होती. छातीत काहीतरी सारखं उड्या मारत होतं. उमाताईंना कधी सांगते असं झालं होतं.

उस्मानपुऱ्यात एका घराच्या तळमजल्यावर उमाताईंची खोली होती. उमाताई पन्नाशीच्या. मुलांना बोलतं करणं हेच त्यांचं काम. खोलीत सतरंजी, बुटक्या फळ्यांवर खेळणी, एका कोपऱ्यात भातुकली. आशानं चप्पल काढता काढताच बातमी सांगून टाकली. उमाताईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"किती वेळा म्हणाली?"

"पाच-सहादा तरी! बाटली संपेपर्यंत!"

"आणि तू थांबली होतीस ना? बघ, तिला कळलं. तोंडातून शब्द निघाला की समोरचा माणूस हलतो. एकदा हे कळलं ना, की मूल बोलणं सोडत नाही."

आबा दारातच उभे होते. खुर्ची कुठं दिसेना.

"या, आबा. आमच्याकडे सगळे खालीच बसतात. गुडघे दुखतात का?"

"गुडघ्याला काय झालं?" म्हणत ते सतरंजीच्या कडेला बसले, धोतर सावरून, पाठ ताठ. मग घसा खाकरून त्यांनी मनातलं काढलं. "बाई, लेक म्हणतो हा उपचार हाय. मी तर बघतो, नुसता खेळ चाललाय. खेळायचंच असंल तर आमच्या गावात काय कमी हाय? रान हाय, वासरं हायेत, पोरं हायेत. म्हणून म्हणतो, उद्याच्या गाडीनं दोघींना संगं घेऊन जावं. लेक राहील इथं, मेसचा डबा खाईल."

आशाचा हात गोदीच्या केसांवर होता, तो तिथंच थांबला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रामकिसननंही नाही.

उमाताई वाद घालायला बसल्या नाहीत. त्यांनी भातुकलीची परडी पुढं ओढली. "आलात तसं जेवून तरी घ्या, आबा. गोदी, आज आपल्याकडे पाहुणे आलेत." पितळी ताटली आबांसमोर आली आणि उमाताईंनी तीत एक लाकडी मोटार वाढली. "घ्या. गरम गरम आहे."

आबांनी ताटलीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. "ह्यॅ! मोटार काय खायची असती व्हय? नाय!"

त्यांची मान अशी जोरात हलली, की टोपी कानावर आली. गोदी खुदकन हसली. उमाताईंनी मोटार उचलून तिथं एक मोजा ठेवला.

"नाय!" आबा पुन्हा म्हणाले. या खेपेला टोपी त्यांनी मुद्दामच हलवली.

आता गोदी उठली. तिनं एक ठोकळा आणून वाढला. नाय! कंगवा आणला. नाय! बाहुलीचा पाय आणला. नाय, नाय, नाय! आबांचा आवाज चढत गेला, पाठ सैल होत गेली, आणि मांडी मोडून ते कधी गुडघ्यांवर आले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गोदी हसून हसून सतरंजीवर लोळत होती.

"आता तुम्ही वाढा तिला," उमाताई हळूच म्हणाल्या. "आणि वाढून झालं की गप्प बसा."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून ताटलीत ठेवली. "घे गोदे, पुरणाची पोळी!"

गोदीनं टोपीकडं पाहिलं. आबांकडं पाहिलं. खोलीत कुणी हललं नाही. पण गप्प बसणं हा आबांचा स्वभाव नव्हता. त्यांचं तोंड उघडलं, "बोल की" असं बाहेर पडणार, एवढ्यात आशाच ओरडली:

"थांबा!"

आबा थांबले. तोंड तसंच अर्धवट उघडं. आशाचा चेहरा तापला, पण तिची नजर गोदीच्या ओठांवरून हलली नाही.

गोदीनं दोन्ही हातांनी ताटली ढकलली.

"नाय!"

"नाय म्हणली!" आबांनी मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! मला नाय म्हणली! बाई, ऐकलंत का?"

"ऐकलं, ऐकलं!" उमाताई टाळ्या वाजवत होत्या. आशा एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती.

मग आबांना आवरणं कठीण झालं. त्यांनी चष्मा वाढला. नाय! पानाची चंची वाढली. नाय! खिशातला रुमाल, बसचं तिकीट, हातातलं घड्याळ, एकेक जिन्नस ताटलीत पडला आणि एकेक 'नाय' आधीच्यापेक्षा खणखणीत येत गेला. त्यांच्या घरात त्यांना नाही म्हणणारं माणूस अजून निपजलं नव्हतं. हे पहिलंच, आणि त्याच्यापुढं ते लहान पोरासारखे रांगत होते. शेवटी त्यांनी गोदीला उचलून वर धरलं.

"मग आबासंगं गावाला येतीस का?"

"नाय!"

आबा हसता हसता खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. गोदीला खाली ठेवून त्यांनी रुमाल उचलला, डोळे टिपले, आणि चेहऱ्यावर अजून हसू असतानाच ते आशाकडं वळले. मध्ये कुणाला न घालता.

"आन तू गं? तू येतीस नव्हं?"

आशानं गोदीकडं पाहिलं. गोदी ताटलीत घड्याळ गोल फिरवण्यात गुंग होती. तिच्या हाती निरोप देता येण्यासारखा नव्हता.

"नाय, आबा," आशा म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. पण निघाला तसा तो पुढंही चालत राहिला. "ती आत्ता कुठं बोलायला लागलीय. आज सकाळी एक शब्द, आत्ता दुसरा. हे अर्ध्यावर सोडून मी येणार नाय. तुम्हीच या हिकडं. दर खेपेला या. तिला तुमच्यासंगं खेळायचं हाय."

उमाताई भातुकलीची भांडी आवरायला लागल्या, उगाचच, एकात एक घालत. आबांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. ते सतरंजीवर पसरलेल्या स्वतःच्या वस्तू बघत बसले. चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला. आशाला वाटलं आता उठतील, चालायला लागतील. तरी सकाळपासूनची आनंदाची उसळी काही खाली बसत नव्हती.

इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. देवगावहून द्वारकाबाई, सासूबाई. त्यांचा आवाज नेहमीसारखा खोलीभर ऐकू येत होता.

"अगं, पोरगी बोलली!" आबा फोनमध्ये ओरडले. "कोण काय? गोदी! मला नाय म्हणली, तोंडावर! एकदा नाय, धा येळा!"

पलीकडं किंकाळी, मग कुणाला तरी हाका, मग पुन्हा द्वारकाबाई. "ते झालं ब्येस! पण उद्या कोणत्या गाडीनं निघता? सुनेला घेऊनच येताय ना?"

आबांनी फोन कानापासून काढला. आशाकडं पाहिलं. मग भातुकलीच्या वरून हात लांब करून त्यांनी फोन तिच्यापुढं धरला.

"धर," ते म्हणाले. "तूच सांग तिला."