पैलवानांच्या खुराकाची कुंडी

मित्रांनो, मी काळ्या दगडाची एक जुनी कुंडी आहे. तुळस लावायची कुंडी नव्हे. मी खोलगट आणि जाड बुडाची आहे. माझ्यात कडुलिंबाच्या सोट्याने बदाम वाटतात आणि पैलवानांची थंडाई करतात.

एका पाथरवटाने मला छिन्नीने कोरले आणि मी शिवाजी पेठेत हंबीररावांच्या घरी आले. तेव्हा ते ऐन उमेदीतले पैलवान होते. तालमीत घाम गाळून ते घरी आले की भिजवलेले बदाम, खसखस आणि मिरी माझ्यात पडत. सोटा गरगर फिरे. मग म्हशीचे धारोष्ण दूध, साखर आणि वर तुपाचा गोळा. तांब्या एका दमात रिकामा होई. "खुराक असावा तर असा!" असे लोक म्हणत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पुढे त्यांचा गुडघा दुखावला. कुस्ती सुटली, जोर-बैठका सुटल्या, खुराक मात्र सुटला नाही. आमच्या पेठेत एकदा पैलवान झालेला माणूस कायमचा पैलवान असतो आणि त्याचा तांब्याही तेवढाच भरला जातो. नव्वदच्या दशकात हंबीररावांनी साठी ओलांडली. पूर्वी मेहनतीत खर्ची पडणारे दूध-तूप आता अंगावर साठत होते. जेवणात खारट लोणचे लागेच. रक्तदाबाच्या गोळ्या फळीवर तशाच पडून असत. "पैलवानाला कसल्या गोळ्या?" असे ते म्हणत.

मला सारे दिसत होते. पण सोटा फिरू लागला की मला नाही म्हणता येत नाही.

दोन हजार सालानंतर ते विसरू लागले. त्यांची पत्नी तानाबाई घाबरली. तिने शेजारच्या अंबूबाईला विचारले, तर ती म्हणाली, "बदाम कमी पडत्यात त्यास्नी. वाढव की!"

तानाबाईने बदाम वाढवले. बदामाबरोबर साखर आणि तूपही वाढले. थंडाई पिऊन झाली की हंबीरराव थोड्याच वेळात ओरडत, "ताने, खुराक कुठाय? उपाशी मारतीस व्हय मला?"

"अवो, आत्ताच प्यालासा की! मिशीला साय हाय अजून."

"ती कालची असंल!"

तानाबाई हसे. मग त्यांचा केविलवाणा चेहरा पाहून पुन्हा मला पुढे ओढे. ते विसरत म्हणून पुन्हा पीत, आणि पीत तसे जास्त विसरत. या चक्रात ते अडकले, ती अडकली आणि दोघांच्या मध्ये मी.

एके दिवशी त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळले. थोड्या वेळाने हात हलू लागला, पण तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

"मावशी, हे दिवसातून किती वेळा?"

"मागतील तवा. डोकं चालावं म्हणून."

"बदाम वाईट नाहीत. चार भिजवून खाऊ द्या. पण एवढं तूप, साखर, खारं, बसून राहणं आणि गोळ्या बंद! यानं हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडतात, तशाच मेंदूतल्या बारीक वाहिन्याही. जिथं रक्त पोचत नाही, तो भाग कामातून जातो."

"गेलेलं माघारी येतंय का?"

"बहुतेक नाही. पण उरलंय ते राखता येईल."

तानाबाईचा आवाज बारीक झाला. "मला तर वळखत ऱ्हातील न्हवं?"

"त्यासाठीच सांगतेय, मावशी."

त्याच दिवशी तानाबाईने मला धुतले, जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावले. तेव्हापासून मला उजेड दिसलेला नाही. फक्त ऐकू येते. भाकरीबरोबर पालेभाजी आणि मोडाची उसळ आली, की ते कुरकुरतात. तानाबाई समोर उभी राहून गोळी गिळायला लावते. संध्याकाळी हात धरून त्यांना रंकाळ्यावर चालायला नेते. सुरुवातीला ते पेटीवर मुठी आपटत. तानाबाई पदरात तोंड खुपसून रडे, पण कुलूप काढत नसे.

असे महिने गेले आणि मी पेटीत आहे हे ते विसरले. मग एका सकाळी नेहमीचा प्रश्न आला, "ताने, माझी कुंडी कुठं हाय?"

"गुळगुळीत झालीती, पाथरवटाकडं टाकी लावाय दिलीया."

"काल बी ह्येच सांगितलंस की! पाथरवट मेला व्हय तुझा?"

तानाबाईची पावले लगबगीने त्यांच्याजवळ आली. मग तिचा आवाज आला, "काल सांगितलेलं ध्येनात हाय तुमच्या?"

"न ऱ्हायला काय झालं? मी काय खुळा हाय?"

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, की आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. घरातल्या थकल्या माणसांवर माया करा, पण त्यांच्या तरुणपणीचा तांब्या त्यांच्या हाती देऊ नका. ते रागावतील, तुम्हाला दुष्ट म्हणतील. तेवढे सोसा. इथे फार अंधार आहे आणि मला तो आवडत नाही. तरीही तानाबाईला माझे एकच सांगणे आहे. ते तुला नावाने हाक मारताहेत, तोवर कुलूप काढू नकोस.