अठरा इंच

ओलीटा प्रुइट माझ्या डाव्या हाताला बावीस वर्षं बसत होती. पूर्वेची बाजू, एकेचाळिसावी रांग, सतरा नंबर तिचा, अठरा माझा. पाठ नसलेला लांबलचक बाक, त्यावर रंगवलेले आकडे, आणि एकेका आकड्याला जागा अठरा इंच. आमचं बेलोरा गाव जेमतेम तेवीस हजारांचं. पण शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की त्या मैदानात नव्वद हजार माणसं मांडीला मांडी लावून बसायची. ओलीटाने तीस वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. त्या कॉलेजात ती एक दिवसही शिकली नाही, पण संघाला कायम ‘आपली पोरं’ म्हणायची.

त्या वर्षी खेळ विभागाला नवे संचालक आले, ग्रेडन व्हिटलो. आधी ते एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघाकडे होते. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं : सगळे बाक काढायचे, रुंद खुर्च्या बसवायच्या, वर महागड्या तिकिटांच्या काचेच्या खोल्या बांधायच्या. मैदान सत्तर हजारांचं होणार.

“म्हणजे वीस हजार माणसं गाळणार,” ओलीटा म्हणाली. “एमेट, तुझा ट्रक चालू आहे ना?”

“चालू आहे. का गं?”

“का ते नंतर. गुरुवारी दुपारी ये. आणि कंबर दुखते म्हणून रडायचं नाही.”

गुरुवारी कॉलेजच्या विश्वस्तांची जाहीर सभा होती, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. आम्ही दोघांनी ट्रकमधून बारा फुटांची एक फळी आणली आणि सिमेंटचे सहा ठोकळे. दारावरचा पहारेकरी आडवा आला. ओलीटाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. “डॅरिल, तुला चार वर्षं ताटात दोन-दोनदा वाढलंय मी. बाजूला हो.” तो झाला.

व्हिटलोसाहेब बोलत होते. “व्यावसायिक मैदानं पासष्ट-सत्तर हजारांची असतात. ती काय कमी दर्जाची आहेत? माणूस आज घरी टीव्हीवर सामना आरामात बघतो. त्याला बाहेर काढायचं तर पाठ टेकायला हवी, पाय पसरायला हवेत. थोडी माणसं, पण चांगली सोय.”

ओलीटाची पाळी आली. तिने माईक घेतलाच नाही. ठोकळ्यांवर फळी ठेवून म्हणाली, “सातही विश्वस्तांनी जरा इथे येऊन बसावं. व्हिटलोसाहेब, तुम्हीही या.”

हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्ष होते निवृत्त न्यायाधीश पेटिग्रू. ते कुरकुरत उठले, मग बाकीचेही आले. आठ जण बसले. दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून, पण बसले.

“आता उठा.” मी फळी काढली आणि त्याच बारा फुटांत खुर्च्या मांडल्या, साहेबांनी नमुन्याला ठेवल्या होत्या त्याच. सहा मावल्या. “बसा आता.”

सहा जण बसले. पेटिग्रू आणि व्हिटलोसाहेब उभेच राहिले.

“या दोघांना घरी कोण पाठवणार?” ओलीटाने विचारलं. “तुम्ही पाठवा. माझ्याच्याने होणार नाही.”

व्हिटलोसाहेब लाल झाले. “बाई, व्यावसायिक मैदानं लहान असतात त्याला कारणं आहेत.”

“आहेतच की! मला ठाऊक आहेत. तिथे संघ मालकाचा. त्याला महागाच्या थोड्या जागा विकायला परवडतं. उद्या दुसऱ्या शहराने जास्त चांगलं मैदान देऊ केलं, तर तो संघ उचलून चालता होईल. आमचा संघ कुठे जाणार? इथे शिकून गेलेली पोरं टेक्सासहून रात्रभर गाडी हाकत येतात, पोटची पोरं घेऊन येतात. जसजशी माणसं वाढली तसतसे बापजाद्यांनी आणखी बाक जोडले. हे मैदान एकदम बांधलंच नाही कोणी, ते वाढत गेलंय. आणि तुम्ही ते आवळायला निघालात!”

मतदान झालं. विद्यार्थ्यांची दक्षिण बाजू आणि उत्तर बाजू, दोन्हींकडचे बाक राहिले, चार विरुद्ध तीन मतांनी. पण पूर्व बाजू गेली. तिथे काचेच्या खोल्या होणार हे ठरलं. म्हणजे आमची एकेचाळिसावी रांगच गेली.

मी तिथल्याच एका खुर्चीवर बसकण मारली. ओलीटा मात्र फळी उचलून म्हणाली, “चल, धर दुसरं टोक.”

आठवड्याने व्हिटलोसाहेब स्वतः तिच्या घरी आले. मी ओसरीवर उकडलेले शेंगदाणे सोलत बसलो होतो. तिने त्यांना बर्फ घातलेला गोड चहा दिला. ते म्हणाले, “मिस ओलीटा, नव्या खोलीत पहिल्या ओळीतली खुर्ची तुमची. जन्मभर. तिच्यावर तुमचं नाव कोरू.”

माणूस वाईट नव्हता. मनापासून बोलत होता.

“काचेआडून ओरडलं तर खाली पोरांना ऐकू जातं का हो?”

ते घुटमळले. “नाही. तसं… नाही.”

“मग ती दुसऱ्या कुणाला द्या. चहा आणखी घ्या.”

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही दक्षिण बाजूला गेलो. तिथे पोरं सामना संपेपर्यंत उभीच असतात, बाकावर पाय देऊन. ओलीटा बहात्तर वर्षांची. चेहऱ्याला निळा रंग फासलेली एक मुलगी म्हणाली, “आजी, तुम्ही बसा, आम्ही थोडं सरकतो.”

“बसले तर तुझी पाठ दिसेल मला. सामना कोण बघणार?” आणि ती चढली बाकावर, एक हात त्या मुलीच्या खांद्यावर, एक माझ्या.

चारपैकी तिसऱ्या टप्प्यापर्यंत आम्ही दहा गुणांनी मागे पडलो होतो. माझी कंबर दुखायला लागली होती. मी म्हटलं, “ओलीटा, पाच मिनिटं टेकू या.”

“तू टेक. मी तुला सांगत जाईन काय चाललंय ते.”

टेकतोय कसला! तिच्याकडे बघून तीन रांगा ओरडायला लागल्या होत्या. समोरच्या संघाला आपल्याच कप्तानाचा इशारा ऐकू येईना, ते दोनदा चुकले. आम्ही सात गुण भरून काढले. शेवटी तीन गुणांनी हरलोच.

पोरं माना खाली घालून निघाली. ओलीटाचा आवाज पार बसला होता, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हते. मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

“पुढच्या शनिवारी,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तासभर आधी येऊ. मला अजून खाली, कठड्याला लागून उभं राहायचंय.”