ह्यांचा कोट

ठकी गाय म्हणजे एक नंबरची नखरेल. उभ्या जन्मात तिनं दूध दिलं ते एकाच माणसाला, काकीच्या नवऱ्याला. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची, आणि फारच मनाविरुद्ध झालं तर लाथ. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात खरं, पण म्हणणाऱ्यानं ठकीची खाल्लेली नसणार.

थंडी सरता सरता काका गेले. लेक धावत आली, सगळं उरकलं, आणि जाताना म्हणाली, "आई, चल आमच्याकडे. एकटी काय करणार तू इथं?"

काकीला तिथून हलायचं नव्हतं. लेकीच्या घरी चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून दुसऱ्यांची वाळत घातलेली धुणी बघायची, ह्याला काय जगणं म्हणायचं? पण तसं तोंडावर कसं सांगणार? मग घाईत बोलून गेली, "गाय दूध देतेय तोवर मी इथंच. ती आटली की विकून टाक, आणि मला ने कुठं न्यायचं तिकडं."

झालं! लेकीनं शब्द पदरात बांधून घेतला, आणि इतके दिवस कशाबशा चार धारा देणाऱ्या ठकीनं त्याच संध्याकाळी पान्हा साफ चोरला.

काकीनं चुचकारलं, पाठ खाजवली, गव्हाणीत चांगलंचुंगलं टाकलं, शेवटी शिव्याही घातल्या. ठकी ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच. मग काकीला दाराआडच्या खिळ्यावरचा कोट आठवला. गुडघ्यापर्यंत लोंबणारा जाड लोकरी कोट, काका धार काढताना घालायचे तो. तंबाखू, सुकं गवत आणि गुडघ्याला चोळायचं तेल, असा मिळून एक वास त्याला होता. काकीनं तो अंगात चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि कासेशी जाऊन बसली. ठकीनं मान वळवून कोट हुंगला, एक लांब सुस्कारा सोडला, आणि बादलीत धार वाजायला लागली.

तेव्हापासून कोट घातल्याशिवाय काकी गोठ्यात गेली नाही. तो धुतलाही नाही. "ह्यांचा वास गेला तर गाय आटेल," असं शेजारच्या सुताराला तिनं बजावून सांगितलं होतं, जसा काही सुतारच कोट धुवायला निघाला होता.

उन्हाळा गेला. कामं कुणासाठी थांबतात होय? बटाटे काढले, कांद्याच्या वेण्या घालून छपराला टांगल्या. पण घरातलं प्रत्येक काम दोघांच्या हातांच्या मापानं बेतलेलं. गवत माळ्यावर चढवायचं म्हणजे काका खालून फेकणार, काकी वरून ओढून घेणार आणि "जरा जोर लावा की, जेवला नाहीत का!" म्हणून ओरडणार. आता ती खालून फेकायची, शिडी चढून वर जायची, गवत आत सारायची, पुन्हा खाली. दोन मुठींचा मोठा करवत भिंतीवर तसाच राहिला. त्याच्या दुसऱ्या मुठीला माणूस नव्हता. जळणाला काकीनं हातानं मोडतील एवढ्याच फांद्या गोळा केल्या. बोलायला ठकी. कधी कधी दिवसाअखेर काकीच्या लक्षात यायचं, की आज आपण माणसाशी एक शब्द बोललो नाही. मग ती कोटाची कॉलर वर करून त्यात नाक खुपसून बसायची. गार वाटतंय म्हणून, दुसरं काय!

पानं गळायला लागली तशी लेक आली, थंडीआधीच्या कामांना हात लावायला. पोरगी बापासारखी, कामाला वाघ. आल्या आल्या तिनं खिडक्यांच्या फटी बुजवल्या, चुलीचं धुराडं साफ केलं. काकी परसात कोबी काढत होती. टोपली घेऊन परत आली, तर दोरीवर कोट. टपटप पाणी गळत होतं.

"किती मळला होता गं!" लेक हात पुसत म्हणाली. "तीन पाणी बदलली. कढत पाण्यात साबण घालून चांगला घोळसला. खिशात काय काय होतं, सुतळी, खिळे, मिठाचा खडा. ठेवलंय सगळं फळीवर."

काकीच्या हातातली टोपली खाली आली. तिनं ओला कोट नाकाशी नेला. साबण. नुसता साबण.

"काय केलंस हे? ह्यांच्या वासावर दूध देत होती ती, गाय आटली आता!"

लेकीचा चेहरा उतरला. "मला काय माहीत? तू बोलली नाहीस कधी."

खरंच बोलली नव्हती. सगळ्या जगाला सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही. गायीला बापाचा कोट लागतो हे तिला कळलं असतं, तर तिनं दुसऱ्याच दिवशी गाडी बोलावली असती.

संध्याकाळी काकी शाल गुंडाळून गोठ्यात गेली. आता ठकी पान्हा चोरणार, लेक दारातून बघणार, आणि मग चौथा मजला. स्टुलावर बसताना तिनं काकांसारखं खाकरून पाहिलं. "हं, सोड बये," असं त्यांच्यासारखं म्हणूनही पाहिलं. ठकीनं वळूनसुद्धा बघितलं नाही. गवत चघळत होती. काकीनं सडाला हात घातला, आणि धार आली. पहिल्याच ओढीला. रोजच्यासारखी, भरघोस.

काकीनं हात मागे घेतला. मग पुन्हा घातला. पुन्हा धार.

आनंद व्हायला हवा होता. राहायला मिळणार होतं, घर आपलं होतं. पण काकीनं ठकीच्या पाठीवर एक थाप हाणली. "मेले! विसरलीस होय? वर्ष नाही झालं माणसाला जाऊन, आणि विसरलीस?" कधी विसरली असेल ही? कालपरवा, की उन्हाळ्यातच? काकीला वाटत होतं, त्यांची वाट बघणाऱ्या आपण दोघी आहोत. ती गायीच्या कुशीला कपाळ टेकून रडली, आणि हात मात्र धार काढत राहिले. भरल्या कासेची गाय अर्ध्यावर सोडायची नसते.

लेकीनं बादली बघितली. "दिलं की! बघ, उगाच घाबरवलंस मला."

"हो," काकी म्हणाली.

कोट रात्रभर चुलीशी वाळला. सकाळी काकीनं तो अंगात घातला आणि सवयीनं बाह्या दुमडायला गेली. दुमडायला काही उरलंच नव्हतं. कढत पाण्यानं लोकर आटून बाह्या बरोबर तिच्या मनगटाशी आल्या होत्या.

"आई, अगं काल तर तिनं कोटाशिवाय दिलं," लेक म्हणाली. "आता कशाला घालतेस?"

काकीनं बादली उचलली.

"असू दे," ती म्हणाली. "गायीला लागतो."

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली आणि तिनं गोठ्याचं दार उघडून धरलं.