सात घरांची चांदी

मित्रांनो, मी एक जुना कसोटीचा दगड आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. दगडाला कसली आलीय भीती, असं म्हणाल. पण आचऱ्याच्या दाजी सोनारांच्या पाटावर माझी तीस वर्षं गेली. त्यांच्या वडिलांनी मला घासून, खोबरेल चोळून तयार केलं. तेव्हापासून लोक आपली वस्तू माझ्या काळ्या पाठीवर घासून घेतात आणि डोळे लावून बसतात. खरं-खोटं माझ्यावर उमटतं. ते बदलणं माझ्या हाती नाही.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. हौसाबाई आपल्या सुनेला, सुशीलाला, घेऊन दुकानात आली. सुशीलाची दोन मुलं बारशाआधीच गेली होती. तिसरा, तिच्या कुशीतला, तीन महिन्यांचा झाला होता, पण आठवडाभर तापाने फणफणत होता. अशा मुलाला सात घरी पदर पसरून मागितलेल्या धातूचे वाळे घालायचे, म्हणजे तो सात घरांचा होतो आणि टिकतो, अशी त्यांच्याकडची समजूत.

"औषध चालू आसा मा?" दाजींनी आधी तेच विचारलं.

"चालू आसा," सुशीला म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच माझं धाबं दणाणलं.

मुलाचा बाप गुरुदास मुंबईला नोकरीला होता. त्याने पत्रात लिहिलं होतं, वाळे सोन्याचेच करा. दाजींनी मान हलवली. "सोना पायात घालूचा नाय. चांदीच बरी."

"माका पण तसाच वाटता," हौसाबाई म्हणाली. "सोन्यार नजर लागता." तिने पुरचुंडी सोडली. आत सात तुकडे होते.

दाजी एकेक तुकडा माझ्यावर घासू लागले. रेघेवर तेजाबाचा थेंब, मग मिठाच्या पाण्याचा. चांदी खरी असली की दह्यासारखं पांढरं धरतं. सहा रेघा पांढऱ्या झाल्या. सातवी हिरवी पडली. मित्रांनो, त्या दिवशी मला खोटं बोलता आलं असतं तर मी बोललो असतो.

दाजींनी सुशीलाला पोर घेऊन बाहेर ओटीवर बसायला सांगितलं. मग हळूच विचारलं, "ह्यो तुकडो खंयच्या घरचो?"

हौसाबाईचा चेहरा उतरला. "सातव्या घराक सुतक पडला. थंय कसा मागतलंय? मगे माझ्याच कुंकवाच्या डबीचा झाकण मोडलंय. कुणकेश्वराच्या जत्रेत चांदीचा म्हणान घेतलेला." तिने ओटीकडे पाहिलं. "माझ्या हातान पोराचा वायट झाला काय?"

आपल्याच घरचा तुकडा, तोही खोटा. दाजींनी तो तुकडा बाजूला ठेवला. वाळे केले आणि पोर गेलं, तर बोट त्यांच्याकडेही वळणार होतं. मला वाटलं, आता नाही म्हणतील. पण ते उठून आत गेले आणि एक जोडवं घेऊन आले. त्यांची बायको सीता सवाष्णपणी गेली होती. तिची तेवढीच वस्तू त्यांनी ठेवली होती.

"पदर पसर, हौसाबाय," ते म्हणाले. "सातवा घर माझा."

वाळे झाले. सुशीला रोज सकाळी मुलाला कडेवर घेऊन दुकानावरून देवळात जाई. वाळ्यांचे घुंगरू वाजले की माझा जीव भांड्यात पडे. ताप उतरल्याचं कळलं, तरी माझी भीती जाईना. आणि पुढच्या चैत्रात तीन दिवस आवाजच आला नाही. दाजींनीही हातोडी खाली ठेवली. ते सारखे रस्त्याकडे बघत होते.

चौथ्या दिवशी हौसाबाई एकटीच आली. तिने ते वाळे माझ्या शेजारी ठेवले. दाजींना विचारायचा धीर होईना. मी तर दगडच.

"दाजीनू," ती म्हणाली, "ह्ये वाढवन देवा. पायात घट्ट होतत. वाळ्यांबगर सुशीला पोराक भायर काढणा नाय."

मित्रांनो, अजूनही कुणी पुरचुंडी सोडली की मी घाबरतो. तुमच्यासमोर कुणी अशी सोडली, तर खरं तेच सांगा. पण सांगून झाल्यावर उठून आत जा, आणि आपल्या घरात काय आहे ते बघा.