ड्रॅगनला बोलवायची हाक

बिराप्पाने काळतोंडी मेंढीची मागची तंगडी गुडघ्यात आवळली, डाव्या हाताने तिची मान वाडग्याच्या काट्याकुट्यांच्या कुंपणाला टेकवली आणि उजव्या हाताने कोकराचं तोंड सडाला लावलं. कोकराने सड धरला. मेंढीने झटका दिला, तंगडी सुटली आणि कोकरू बिराप्पाच्या पायावर येऊन पडलं.

"उभी ऱ्हा की गं," तो म्हणाला. "तुझंच हाय ते."

काळतोंडी चार पावलं लांब गेली आणि तिथे उभी राहून रवंथ करू लागली, जसं काही कोकरू शेजारच्या वाडग्यातलं होतं.

कोकरू परवा जन्मलं होतं. सकाळपर्यंत ते ओरडत तरी होतं, आता नुसतं तोंड उघडत होतं. बिराप्पाने शेळीचं दूध बाटलीत भरून दोनदा पाजून बघितलं, पण ते गालातून बाहेर आलं.

झोपडीसमोर नानासोने टँकर उभा केला होता आणि पाईप बॅरलमध्ये सोडून तो सगळं बघत होता. यंदा जतच्या ह्या अंगाला दिवाळीपासूनच टँकर लागला होता.

"आवं आण्णा, काकूंनी वाढवल्याली मेंढी ती. तुमचं कशाला ऐकंल?"

"तू पाणी वत."

"वततोयच की. घरात तुमचं कोण ऐकत न्हवतं, आता मेंढरूबी ऐकंना. घाला बाजारात. सुटला."

बॅरल भरलं, नानासोने पाईप गुंडाळला आणि टँकर धुरळा उडवत पुढच्या वस्तीवर गेला.

बाजाराचं त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. पण काळतोंडी पिल्लू असताना तिची आई मेली होती आणि त्याच्या बायकोने, हरणाबाईने, तिला बोटाला दूध लावून जगवलं होतं. मागच्या दोन वेतांनाही काळतोंडीने असाच त्रास दिला होता. तेव्हा हरणाबाई दारात येऊन हाक घालायची. काळतोंडी चालत यायची, उभी राहायची, कोकरू खाली शिरायचं. त्यात बिराप्पाला काही करावं लागत नसे.

नुसती काळतोंडीच नाही. रोज दिवस मावळताना कळप रानातून परत यायचा, घरी कोंडलेली कोकरं सुटायची आणि त्या एका हाकेवर मेंढ्या आपापलं पिल्लू हुंगून उभ्या राहायच्या. बिराप्पा तेव्हा कळपाच्या पाठीमागे, धुरळ्यात असायचा. त्याच्याकडे कळप वळवायची, थांबवायची, कुत्र्याला सोडायची हाक होती. दारातली हाक बायकोची. ती त्याने इतकी वर्षं दोन शेतांवरून ऐकली होती. श्रावणात हरणाबाई गेली, आणि आता ती हाक घालायला तोंड उघडलं की त्याची स्वतःचीच हाक बाहेर यायची, मेंढ्यांना पुढे हाकलायची. मेंढ्या पुढे जायच्या.

खिशात फोन वाजला. सांगलीहून मंगल होती, त्याची मुलगी. तिथे शाळेत शिकवायची आणि वर्षभर पोरांसाठी एक पुस्तक लिहीत होती.

"आप्पा, आज तरी सांगा. उद्या छापायला पानं द्यायचीत. तेवढं एकच ऱ्हायलंय."

"कामात हाय मी."

"रोजच कामात असता. येतंय म्हणाला होता की तुमी."

म्हणाला होता. महिन्यापूर्वी तिने विचारलं, आई मेंढरांना कशी हाक घालायची, तेव्हा तो म्हणाला होता, येतंय मला, सांगतो नंतर. तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं की येतंय.

तो कोकरू घेऊन वाडग्याबाहेर आला, ते पायाशी ठेवून फोन झोपडीसमोरच्या बाजेवर ठेवला आणि आवाज मोठा केला. हात दुधाने चिकट झाले होते.

"कशाला पायजे तुला ती? तुझ्या आईनं मेंढरं राखली. भुतं न्हाई."

"भुतं न्हाईत, ड्रॅगन हायत. सांगितलंय की तुमाला."

"घोरपडीला पंख."

"बरं, घोरपडीला पंख."

"खातंय काय ते?"

"कोळसा. कारखान्यातनं चोरून."

"आन पाणी?"

"पाण्याचं न्हाई लिहिलं."

"मग शेरात ऱ्हाईल कशाला ते? कळप पाण्याला ऱ्हातोय."

"कृष्णा हाय की जवळ, आप्पा. पितील तितं. आता ऐका." ती घाईने सांगू लागली. नव्या चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर ड्रॅगनची मादी बसली होती. तिचं पिल्लू खाली शाळेच्या पटांगणात पडलं होतं, पंख अजून ओले होते. खाली गर्दी, पोलिसांच्या गाड्या, डोक्यावर ड्रोन. मादी उतरायला तयार नव्हती. आणि पिल्लू थंड पडत चाललं होतं.

बिराप्पाने पायाशी पडलेलं कोकरू उचललं आणि धोतराच्या सोग्यात घेतलं.

"आई उतरंना, म्हण की सरळ."

"तेच म्हणतेय. मग आमच्या पुस्तकातली पोरगी पुढं येती. दुष्काळी गावाकडनं शाळंला आल्याली. तिला तिच्या आईची हाक येत असती."

"तुला येत न्हाई, आन तिला कशी येती?"

"मला येत न्हाई म्हणूनच तिला यायला पायजे."

मंगल पाचवीत असताना त्यानेच तिला होस्टेलला नेऊन सोडलं होतं. त्या दिवशी हरणाबाई वाडग्यातून बाहेरच आली नव्हती.

"मी लिवलंय ते वाचते," मंगल म्हणाली. "'ये गं बाई, ये ये ये.'"

"हॅ."

"हॅ काय? कसं होतं मग?"

"बोलणं न्हवतं ते. शब्द न्हवता त्यात."

"मग काय होतं?"

"लांब होतं."

"लांब म्हंजी किती? आप्पा, मला कागदावर लिवायचंय ओ."

"मग नको लिवू. मी सांगितलं होतं का लिव म्हणून?" त्याने इतक्या जोरात म्हटलं की कडेच्या दोन मेंढ्या सरकल्या. काळतोंडी मात्र हलली नाही.

फोनमधून मंगलचा श्वास ऐकू येत होता. ती आता ठेवेल, असं त्याला वाटलं. तिने ठेवला नाही.

"पयलं तोंड मिटून," तो कोकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "मग उघडायचं."

मंगलने करून बघितलं. मिक्सर सुरू झाल्यासारखं वाटलं.

"चुकलं. नाकातनं न्हाई. पोटातनं."

तिने परत केलं.

"चुकलं. वर चढत जायचं, आन शेवटाला मोडायचं."

"मोडायचं म्हंजी?"

"सुतळी तुटल्यागत. लांबवायचं न्हाई. तोडून गप बसायचं."

"शेजारचे काय म्हणतील मला."

"म्हणू दे. लांब बघून कर. तोंडाम्होरं बघून न्हाई. तिकडं रान हाय आसं समज."

"इकडं समोर पार्किंग हाय."

"मग पार्किंगच्या पल्याड बघ."

पलीकडे खिडकी सरकल्याचा आवाज झाला. गाड्यांचे हॉर्न ऐकू आले.

मग हाक आली. मिटल्या तोंडातून निघाली, उघडली, चढत गेली आणि वर जाऊन तुटली.

बिराप्पाचा हात कोकरावर थांबला.

काळतोंडीचं रवंथ थांबलं होतं. तिचे कान पुढे झाले. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती झोपडीच्या दाराकडे बघत होती. मग ती चालू लागली, वाडग्याच्या फटीतून बाहेर आली, दाराशी थांबली, आत मान घालून बघितलं. तिथून वळून बाजेपाशी आली आणि फोनला नाक लावून उभी राहिली. तिच्या मागोमाग आणखी दोन-चार मेंढ्या आल्या.

बिराप्पाने सोगा सोडला आणि कोकरू तिच्या पोटाखाली ठेवलं. ते आधी गुडघ्यांवर कोसळलं. मग त्याने मान वर केली, सड सापडला, तोंडातून सुटला, परत सापडला. मेंढी हलली नाही. थोड्या वेळाने कोकराची शेपटी हलायला लागली.

"आप्पा?" फोनमधून मंगल म्हणाली. "हाय का तिकडं? आता जमलं का?"

तो बाजेच्या कडेला बसला. मेंढीच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही.

"आप्पा, सांगा की. बरोबर का चूक?"

"चुकलं," बिराप्पा म्हणाला. "परत एकदा घाल."